सक्ती कुणावर?

म्हसावद म्हटले की जळगावकडच्या वाचकाला रेल्वेचे एक लहानसे स्टेशन आठवते. आणि साताऱ्याकडचा वाचक आपल्याला 'म्हसवड म्हणायचे आहे ना?' असे दुरुस्त करून सिद्धनाथाला हात जोडतो. या लेखातले म्हसावद या दोन्हींहून वेगळे. ते नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खाली तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन; तिच्यात ऊस, केळी, पपई. वर पाहावे तो डोंगर. त्याच्या कुशीत पाडे विखुरलेले. तोरणमाळकडे जाणारा माणूस या गावावरून जातो, आणि डोंगरातला माणूस मीठमिरचीला आणि कापडचोपडाला याच बाजूला उतरतो.

या भागातल्या बाजारात क्षणभर उभे राहून कान दिला, तर किती भाषा ऐकू याव्यात? गुजर शेतकरी आपसात गुजरी बोलतो. कुणी अहिराणीत भाव करतो. भिल्लाची भिली वेगळी, पावऱ्याची पावरी वेगळी. एस. टी.च्या पाटीवर आणि तलाठ्याच्या दाखल्यावर मराठी. आणि पावऱ्याचे सहा वर्षांचे मूल ज्या दिवशी प्रथम शाळेची पायरी चढते, त्या दिवशी ते यांपैकी नेमकी ती शेवटची भाषा ऐकते. राष्ट्रीय शिक्षण, शिक्षणाचा कायदा, शिक्षणाचा मूलभूत हक्क असले भारदस्त शब्द आपण दिल्लीत आणि मुंबईत उच्चारतो. त्यांचे वजन किती, हे त्या पायरीवर उभे राहून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एका रुपयाचा दंड

'सक्तीचे शिक्षण' हा शब्द आपल्याकडे आला तो महाराष्ट्राच्याच मातीतून. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारला खडसावून विचारले होते की, कर भरतो कुणबी आणि शिकतो कोण? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. सरकारने ती ऐकून घेतली आणि बासनात बांधून ठेवली.

ती प्रत्यक्षात आणली एका संस्थानिकाने. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. आता नकाशा पाहा. नवापूर ओलांडले की सोनगड आणि व्यारा. हा मुलूख गायकवाडी. त्याच १९०६ साली इंग्रज सरकार खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करण्यात गुंतले होते. तेव्हा एकाच डोंगररांगेत, एकच बोली बोलणाऱ्या दोन पाड्यांपैकी गायकवाडी हद्दीतल्या पाड्याला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता आणि इंग्रजी हद्दीतल्या पाड्याला नव्हता. मुलाच्या नशिबात शाळा आहे की नाही, हे सरहद्दीच्या दगडाने ठरावे, ही काही आजची गोष्ट नव्हे!

पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये ठराव आणि १९११ मध्ये विधेयक आणले. ते किती सौम्य होते! जेथे बरीच मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच स्थानिक संस्थेला वाटल्यास आणि सरकारने परवानगी दिल्यास सक्ती करता यावी, इतकेच त्यात मागितले होते. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहूमहाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड, असे त्यात होते. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात कायदा आला, पण तो नगरपालिकांपुरता. १९२३ च्या कायद्याने तो लोकल बोर्डांपर्यंत पोचला आणि १९४७ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला.

या साऱ्या कायद्यांतला एक समान धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. सक्ती होती ती आईबापांवर. मूल शाळेत आले नाही तर गुन्हेगार बाप. दंड भरायचा तो बापाने. शाळाच नसेल, किंवा असून मास्तर नसेल, तर दंड कुणी भरायचा, हा प्रश्न त्या कायद्यांनी स्वतःला विचारला नाही.

दहा वर्षांची मुदत

स्वातंत्र्य आले. घटना समितीपुढच्या मसुद्यात एक कलम होते, ३६ वे. प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा 'अधिकारी' आहे, अशी त्याची सुरुवात होती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चेत तो 'अधिकारी' शब्द गळाला आणि 'सरकार प्रयत्न करील' एवढेच उरले. मात्र त्याच दिवशी एक मोलाची गोष्ट वाचली. सक्ती अकरा वर्षांपर्यंतच असावी, अशी सूचना पुढे आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावता येणार नाही, असे घटनेतच दुसरीकडे म्हटले आहे. मग कामावर नसलेल्या त्या मुलाने जायचे कुठे? शाळेतच, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. आपल्या सर्व कायद्यांत आज जो 'चौदा वर्षे' हा आकडा दिसतो, त्याच्यामागे हे साधे तर्कशास्त्र आहे.

घटनेच्या ४५ व्या कलमाने या कामाला दहा वर्षांची मुदत घातली. मार्गदर्शक तत्त्वांच्या सगळ्या प्रकरणात मुदत घातलेले हे एकच कलम. ती मुदत २६ जानेवारी १९६० ला संपली. महाराष्ट्र राज्य जन्माला आले १ मे १९६० रोजी. म्हणजे पाळण्यातल्या बाळाच्या उशाशी तीन महिने थकलेले एक वचन पहिल्या दिवसापासूनच ठेवलेले होते.

राज्याने हातपाय हलवले नाहीत असे नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. दिल्लीत कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. १९६६ च्या अहवालात आयोगाने दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. एक, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा. दुसरी, श्रीमंताचे व गरिबाचे मूल एकाच शेजारशाळेत शिकावे. सहा टक्क्यांचा पुनरुच्चार १९६८, १९८६ आणि २०२० अशा तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी केला आहे. एखादे वचन तीनदा द्यावे लागते, तेव्हा ते पाळले गेले नाही हे वेगळे सांगायला नको.

अर्थ उलटला तो असा

१९७६ पर्यंत शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय होता. त्या वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि केंद्राला सर्व देशासाठी शालेय शिक्षणाचा कायदा करण्याची वाट मोकळी झाली. पण वाट मोकळी होऊनही चालायला कुणी निघेना. शेवटी ढकलले ते न्यायालयाने. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौदा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे. त्यानंतर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २१-अ हे कलम आले. २००९ मध्ये संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला.

शहरांत या कायद्याचे नाव 'आरटीई' असे इंग्रजी आद्याक्षरांनी घेतात आणि त्याचा अर्थ 'खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा' एवढाच समजतात. त्या जागांवरून भांडणेही पुष्कळ झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून, सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. भांडण महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. पण डोंगरातल्या पाड्याला त्याचे काय? तेथे खाजगी शाळा नाही आणि तिच्यातल्या पंचवीस टक्के जागाही नाहीत.

पाड्याच्या कामाचे कलम आठवे आहे. त्यात 'सक्ती' या शब्दाचा खुलासा दिला आहे, आणि तो वाचून जुन्या माणसाने चष्मा पुसून पुन्हा वाचावा असा आहे. सक्ती म्हणजे सरकारवरची सक्ती, असे तो म्हणतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणे. त्याचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचे शिक्षण पुरे होणे, या सर्वांची जबाबदारी सरकारची. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचेही कर्तव्य म्हणून सांगितले आहे, पण त्याला दंड नाही. १९१७ मध्ये रुपया बापाकडून घ्यायचा होता. २००९ मध्ये देणेकरी बदलला. सक्तीचा सगळा इतिहास या एका खुलाशाने उलटा झाला आहे, आणि आश्चर्य असे की, ज्यांच्यासाठी तो उलटला त्यांच्यापर्यंत ही बातमी नीटशी पोचलेली नाही.

'शक्यतो' नावाचा शब्द

आता पुन्हा शाळेच्या पायरीवर येऊ. मुलाला मास्तरांचे बोलणे कळत नाही. या बाबतीत कायदा काय म्हणतो?

कायदा तीन ठिकाणी बोलतो. १९५६ मध्ये घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा 'प्रयत्न' प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. २००९ च्या कायद्याचे २९ वे कलम म्हणते, शिक्षणाचे माध्यम 'शक्यतो' मुलाची मातृभाषा असावे. आणि २०२० चे राष्ट्रीय धोरण म्हणते, निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, 'जेथे शक्य असेल तेथे'. धोरण म्हणजे कायदा नव्हे, ही गोष्ट वेगळीच.

तीन वचने आणि तिन्हींत एकच पळवाट. लग्नाच्या याद्या करताना 'शक्यतो' हा शब्द घातला, तर वरपक्ष मांडवात तरी येईल काय?

भिली ही लहान भाषा आहे म्हणून असे होते, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी या सदराखाली, पावरीसारख्या बोली धरून, एक कोटीहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. तरी ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो त्यात गेल्या. भिली बाहेरच राहिली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा घालण्याचा निर्णय काढला, त्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. मराठी मुलावर पहिलीत किती भाषांचे ओझे घालावे, याची त्या वेळी घरोघर चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या साऱ्या गदारोळात, ज्या मुलाला मराठी हीच पहिली परकी भाषा आहे, त्याची आठवण कितीजणांना झाली?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये, कर्नाटकाच्या खटल्यात, मुलाची मातृभाषा कोणती हे सरकारने नव्हे तर पालकाने ठरवायचे, असे सांगितले. तो निकाल इंग्रजी शाळांच्या बाजूने गेला म्हणून त्या वेळी गाजला. परंतु तेच वाक्य पावऱ्या बापानेही उच्चारायला हरकत कोणती?

कुणी म्हणेल, पोराला पावरीत कोंडून ठेवणार काय? त्याला मराठी नको? इंग्रजी नको? शंका रास्त आहे. आदिवासी पालकही ती बोलून दाखवतात. नामांकित इंग्रजी शाळांत आदिवासी मुले पाठवण्याची सरकारी योजना आहे, तिला मागणीही असते. तथापि घरची भाषा ही पहिली पायरी आहे. तिच्यावर पाय रोवून मूल मराठीच्या दुसऱ्या पायरीवर चढते. पहिली पायरीच काढून घेतली तर ते चढत नाही, घसरते. याच जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी धरणाने बुडालेल्या पाड्यांतून, १९९० नंतरच्या वर्षांत नर्मदा बचाव आंदोलनाने 'जीवनशाळा' चालवल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाण येथून आरंभ झाला. तेथे स्थानिक बोलीपासून सुरुवात करून मुले मराठीकडे नेली गेली. अशक्य म्हणावे असे त्यात काही नव्हते. 'शक्यतो' या शब्दाला दिलेले ते जिवंत उत्तर आहे.

स्थानिक बोलीचा शिक्षक नेमावा, हा दुसरा उपाय. राज्यपालांनी २०१४ मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षक वगैरे जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची अधिसूचना काढली. पण आंध्रातल्या अशाच शंभर टक्के राखीव शिक्षकपदांना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नकार दिला, आणि भरतीचे गाडे सर्वत्र कोर्टकचेरीच्या चिखलात रुतले. मुलाला कळेल असा मास्तर आणावा, तर समतेचे कलम आडवे येते. आणू नये, तर मातृभाषेचे कलम रडत बसते. दोन्ही कलमे एकाच घटनेतली!

दोनशे दिवस आणि उसाचा हंगाम

मौज अशी की, शहादा तालुका स्वतः उसाचा. साखर कारखाना असलेला. तरी दिवाळी झाली की नंदुरबारच्या डोंगरातली कुटुंबे बिऱ्हाड बांधून गुजरातेत ऊसतोडीला जातात. परततात ती उन्हाळा लागल्यावर. कायदा म्हणतो, पाचवीपर्यंत वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरावी. शाळा भरते, पण मूल बारडोलीकडच्या फडात असते. वर्षाचे निम्मे दिवस गेले, तर दोनशेचा हिशेब कुठल्या बोटांवर करायचा?

कायद्याने याचाही विचार केला आहे. नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य सांगितले आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. पण पावरी बोलणाऱ्या मुलाने फडाशेजारच्या गुजराती शाळेत चार महिने बसायचे आणि परत येऊन मराठीतल्या परीक्षेला उभे राहायचे, ही सोय म्हणावी की शिक्षा? म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना निघाली. आईबाप गेले तरी मूल गावातच राहावे. जेथे ती वेळेवर सुरू होते तेथे मूल टिकते. जेथे हंगाम अर्धा उलटल्यावर सुरू होते, तेथे ते केव्हाच ट्रकवर चढलेले असते.

आणखी एक गुंता आहे. अंगणवाडीतले मूल महिला व बालविकास खात्याचे. सहाव्या वर्षी ते जिल्हा परिषदेचे होते. आश्रमशाळेत गेले तर आदिवासी विकास विभागाचे. मूल एक आणि पालक-खाती तीन. घरात तीन कारभारी असले म्हणजे दिव्यात तेल कुणी घालायचे, हे आपण जाणतोच.

मोजणीची गोष्ट

याच शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तेथे वाटले गेले. सगळ्या हिंदुस्थानाची मोजणी सुरू झाली ती या तालुक्यातून. आज राज्यात शाळेची 'संचमान्यता', म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळायचे हे, आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. ज्याचे नाव वा जन्मतारीख जुळली नाही, ते मूल वर्गात बसलेले दिसते, पण हिशेबात नसते. बोगस पटाला आळा घालण्याचा हेतू चांगला; पण खऱ्या मुलाला त्याची झळ बसली तर तो कायद्याशी द्रोह ठरेल. कारण कायद्याचे परिशिष्ट स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक. दोन म्हणजे दोन. येथे 'शक्यतो' हा शब्द नाही.

अंतराचेही तसेच. नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत सांगितली आहे. नकाशावरचा किलोमीटर सपाट असतो. सातपुड्यातला चढतो, उतरतो आणि पावसाळ्यात ओढ्यापाशी संपतो. केंद्राच्या नमुना नियमांत दुर्गम भागात ही मर्यादा कमी करावी असे लिहिले आहे. उलट, पट कमी झाला म्हणून लहान शाळा मोठ्या 'समूह शाळे'त मिळवाव्यात, असा विचार राज्यात २०२३ पासून चालू आहे. मैदानात कदाचित तो चालेल. डोंगरात शाळा दूर गेली, की पहिली गळते ती मुलगी.

मग करायचे काय?

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. महाराष्ट्रात सर्वांत कमी. राज्याची ८२ च्या पुढे. हा आकडा सांगून हळहळणे सोपे आहे. परंतु कायदा हळहळण्यासाठी केलेला नाही. वापरण्यासाठी केला आहे.

तो वापरायचे हत्यार गावाच्या हातातच आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. दुसरा शिक्षक नाही, पाड्यावरची मुले घाटातून येतात, ऊसतोडीच्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी करून वसतिगृह दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवे, पहिलीच्या वर्गात पावरी समजणारे माणूस हवे, हे सारे त्या आराखड्यात लिहिता येते. तक्रार असेल तर ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी. तीन महिन्यांत तिचा निकाल लावणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. न झाल्यास बालहक्क आयोगाकडे जाता येते. आणि समितीच्या सभेत निरक्षर आईचा अंगठाही सहीइतकाच मोलाचा असतो.

अर्थात हे लिहिणे सोपे, करणे कठीण. रोजंदारी बुडवून सभेला कोण बसणार? म्हणूनच गावातल्या शिकलेल्या माणसाचे काम येथे सुरू होते. शहाद्याच्या वकिलाने, म्हसावदच्या दुकानदाराने, निवृत्त गुरुजींनी वर्षातून एक दिवस आठवे कलम मोठ्याने वाचून आणि भिली-पावरीत समजावून सांगितले, तरी पुष्कळ साधेल.

शाहूमहाराजांच्या राज्यात मूल शाळेत आले नाही तर बापाला महिन्याला एक रुपया पडे. आज मूल शाळेत नाही, शाळेला मास्तर नाही, मास्तराला मुलाची भाषा नाही, तर तो रुपया देण्याची पाळी कुणाची, हे कायद्याने लिहून ठेवलेच आहे. तो मागायला कुणीतरी जायला हवे.